मॅडम, माझी लाळ मायनसमध्ये आहे

आमच्या कॉलेजच्या जिन्यात ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी आहे. ती पाटी ओलांडून दुसऱ्या मजल्यावर आलं की बायोकेमिस्ट्रीची लॅब लागते. तिथे दर जुलैत मी वीस मुलांना रांगेत उभं करून बीकरमध्ये थुंकायला सांगते. जर्नलमध्ये याला ‘लाळेतील अमायलेजच्या क्रियाशीलतेचे मापन’ असं भारदस्त नाव आहे. मुलं ‘सलाय्व्हा’ म्हणतात. इंग्रजीत म्हटलं की किळस कमी येते म्हणे.

एरवी ठाणे स्टेशनच्या पुलावर लोकांना थुंकायला कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. पण मॅडम हातात बीकर घेऊन समोर उभ्या राहिल्या की धडधाकट पोराचंही तोंड कोरडं पडतं. मग मी सगळ्यांना डोळे मिटायला लावते आणि सावकाश वर्णन सुरू करते. कैरीची फोड आहे, वर तिखट-मीठ. तलावपाळीवर उभे आहात, भय्याने पुरी फोडून आंबट पाण्यात बुडवलीय... एवढ्यावर मुलींची बीकरं भरायला लागतात. मुलं जरा मागे असतात, त्यांच्यासाठी चिंच काढावी लागते. सगळ्यांत जास्त पाणी माझ्या तोंडाला सुटतं. हा तपशील पुढे महागात पडणार होता.

प्रयोग तसा साधा. चपातीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, ते काम लाळेतल्या अमायलेज या एन्झाइमचं. स्टार्च तोडून ते माल्टोज नावाची साखर बनवतं. आता माल्टोज झाली किती, हे डोळ्यांना दिसत नाही. स्टार्चचं पाणीही फिकट आणि साखरेचं पाणीही फिकट. म्हणून त्यात डीएनएस नावाचं पिवळं द्रावण घालून ट्यूब पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायच्या. साखर जेवढी जास्त, तेवढा पिवळ्याचा प्रवास तांबड्याकडे. हे डीएनएस साखर मोजायला १९२१ साली वापरात आणलं जेम्स सम्नर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने. माणूस मुळात डावखुरा, आणि सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात गमावला तो डावाच हात. राहिलेल्या उजव्या हाताने त्याने १९२६ मध्ये अबईच्या भावकीतल्या एका शेंगेच्या बियांतून युरियेज हे एन्झाइम स्फटिकरूपात काढलं आणि १९४६ मध्ये नोबेल घेतलं. हे मी दर वर्षी सांगते. समोर दोन्ही हात शाबूत असलेली मुलं एका हातात मोबाइल आणि एका हातात पिपेट घेऊन ऐकत असतात.

रंग आला की तो कॉलरीमीटरमध्ये ५४० नॅनोमीटरवर वाचायचा. म्हणजे हिरवा उजेड सोडायचा. तांबूस द्रावण हिरवा उजेड पितं. किती प्यायलं ते यंत्र आकड्यात सांगतं. यंत्राने ०.४१ म्हटलं की विषय संपला. पण आमचे लॅब अटेंडंट काका या प्रांतातले जुने जाणकार. कळव्याहून येतात, पूर्वी काही वर्षं साड्यांच्या दुकानात होते. विद्यार्थ्यांना सगळ्या ट्यूब ‘ऑरेंज’ दिसतात. काका ट्यूब खिडकीसमोर धरून म्हणतात, “ही अबोली. ही शेंदरी. ही विटकरी. आणि ही मॅडम, चिंचेचा कोळ झालीय, हिला पातळ करून परत लावा.” कोळवाली ट्यूब यंत्रात घातली तर रीडिंग एकच्या पार वर जातं आणि ते भरवशाचं नसतं, हे काकांना कोणीही शिकवलेलं नाही.

खरा छळ घड्याळाचा आहे. एन्झाइम काही तुमची वाट बघत थांबत नाही. लाळ पडली की काम सुरू. प्रत्येक ट्यूबला नेमकी दहा मिनिटं मिळायला हवीत आणि बारा ट्यूबमध्ये एकदम लाळ घालायला कोणाला बारा हात नाहीत. म्हणून तीस-तीस सेकंदांच्या अंतराने घालायची. पहिली शून्यावर, बारावी साडेपाच मिनिटांवर. मग साडेचार मिनिटं मोकळी. त्यात चहा होतो, पण लॅबमध्ये चहा प्यायला बंदी आहे, त्यामुळे ती नुसतीच घालवायची. दहाव्या मिनिटाला पहिल्या ट्यूबमध्ये डीएनएस, की तिथला खेळ खलास. मग परत तीस-तीस सेकंदांनी पुढची, साडेपंधरा मिनिटांपर्यंत. दहा ते साडेपंधरा या काळात नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. मी हे फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारते.

या वर्षी बरोबर साडेदहाव्या मिनिटाला माझा फोन वाजला. ऐरोलीहून सासूबाई.

“अगं, ते छोले टाकलेत कुकरला. शिट्ट्या किती करू?”

“आई, मी वर्गात आहे...”

“अगं, दोन झाल्यात!”

“तीन!” मी ओरडले.

दोन नंबरची ट्यूब हातात असलेल्या मुलाने आज्ञाधारकपणे ती खाली ठेवली आणि तीन नंबरमध्ये डीएनएस ओतलं. पुढच्या गोंधळात चार आधी गेली की दोन, हे आता सांगता येणार नाही. छोलेही कच्चेच राहिले.

पण हे सगळं परवडलं. गोष्ट ब्लँकची आहे.

ब्लँक म्हणजे जिच्यात लाळ सोडून सगळं असतं ती ट्यूब. ती यंत्रात ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग बाकीच्यांची मोजणी. स्टोअररूम डीएनएस मोजूनमापून देते, म्हणून सगळ्या बॅचला ब्लँक एकच, आणि ती मी स्वतः लावते. बाटलीतलं द्रव पिपेटने ओढायला रबरी बल्ब असतात. आमच्याकडे चार आहेत. दोन हवा सोडतात, एक मागच्या बॅचपासून बेपत्ता आहे आणि चौथा त्या क्षणी कोणाच्या तरी हातात होता. मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगितलंय की पिपेट तोंडाला लावणं हा गुन्हा आहे. आमच्या वेळी सगळे लावायचे. “हे बघा, ब्लँक असा लावायचा,” म्हणत मी स्टार्च ओढलं. तोंडाने. हात अठरा वर्षं मागे गेला, दुसरं काही नाही. आणि तोंडात कैरीच्या वर्णनाचं उरलंसुरलं पाणी होतंच.

वॉटर बाथमधून ट्यूब निघाल्यावर काकांनी ब्लँक वर धरली. “मॅडम, ब्लँक हळदीसारखी पिवळी असते ना? ही अबोली दिसतेय.”

“काका, पावसामुळे उजेड कमी आहे,” मी म्हटलं.

अबोली ब्लँकवर शून्य लावलं आणि रीडिंग सुरू झाली. पहिल्याच मुलाने हाक मारली, “मॅडम, माझी लाळ मायनसमध्ये आहे.” मग दुसरी. मग खिडकीजवळचा सगळा बाक. एका मुलीने घाबरून विचारलं, “मॅडम, म्हणजे माझ्या तोंडात साखरेचं परत स्टार्च होतं का?” मी यंत्राला दोन चापट्या मारल्या, क्युवेट, म्हणजे यंत्रात द्रावण ठेवायची नळी, पुसून उलटसुलट लावून पाहिली, व्होल्टेजला दोष दिला. मग काकांनी मला बाजूला घेतलं आणि फार सभ्यपणे, जमिनीकडे बघत विचारलं, “मॅडम, ते मघाशी स्टार्च काढताना बल्ब होता का?”

हिशोब सोपा होता. मुलांनी लाळ शंभरपट पातळ करून एकेक मिलिलिटर घातलेली. माझी निखळ. एक शतांश मिलिलिटर, म्हणजे पिपेटच्या आतून ओघळलेला एक बारीक ओहोळ, त्यांच्या पूर्ण डोसाच्या तोडीचा. ज्यांचं अमायलेज माझ्यापेक्षा कमी, ती सगळी मायनसमध्ये गेली होती.

जर्नलसाठी उत्तर युनिटमध्ये लिहायचं असतं; मिनिटाला एक मायक्रोमोल साखर म्हणजे एक युनिट. १९९९ साली कटाल नावाचं अधिकृत एकक आलं, पण एक कटाल म्हणजे ६ कोटी युनिट, तेव्हा आमच्यासारख्यांनी ते वापरणं म्हणजे कोथिंबिरीची जुडी वजनकाट्यावर ट्रकसकट मोजणं. आकड्यांच्या खाली ‘त्रुटींची संभाव्य कारणे’ असा रकाना येतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या ‘मानवी चूक’ एवढंच लिहिलेलं असतं. परवा तपासायला घेतलेल्या जर्नलमध्ये, मागच्या बाकावरच्या एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘ब्लँकमध्ये मॅडम होत्या.’

मी खाली तारीख घालून सही केली.