बाबा, तुम्ही पाहुणे नाही

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पोरीला विश्रांती मिळते, हक्काचं माणूस जवळ असतं, त्यामुळे रीत चांगलीच आहे. पण त्यात बाळाचा बाबा मात्र शनिवारी येणारा पाहुणा होतो. पेढे, फोटो, रविवारी संध्याकाळची परतीची गाडी. तीन महिन्यांनी मायलेकरं घरी येतात तेव्हा याला साधं दुपटं गुंडाळता येत नसतं. त्यात त्याचा दोष थोडा आणि शिकवणाऱ्यांचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून पहिली विनंती: रजा बारशासाठी राखून ठेवू नका, पहिल्या दहा दिवसांत घ्या. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीत कंपनीगणिक नियम वेगळा, तो सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. आणि जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, तुमच्या गावी नाही. २१ दिवसांच्या आत ती फुकट होते. नाव ठरलं नसलं तरी अडत नाही, ते नंतर घालता येतं. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग मात्र आधारशी ताडून बघा, पुढे तेच फार छळतं.

आता मुख्य मुद्दा, दूध. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, तोही थोडा. बाळाला एका वेळी चमचाभर पुरतो. बाळाचं वजन या दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पण दुसऱ्या रात्री बाळ सारखं रडतं, आजूबाजूचे "हिला दूधच नाही" म्हणतात आणि कुणीतरी पावडरच्या दुधाचा डबा आणायला निघतं. इथे तुमची खरी गरज आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डबा आणू नका. शू मोजा. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट. काळी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. वहीत वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांना "पितंय बहुतेक" यापेक्षा ती वही जास्त उपयोगी पडते. आकडा कमी पडत असेल तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

पाजताना बघा: फक्त बोंडी नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. पाजताना तिला सतत दुखत असेल तर पकड चुकतेय. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हळूच घालून सोडवा आणि पुन्हा लावा. तिच्या पाठीला उशी, हाताशी पाण्याचा तांब्या, हे तुमचं काम. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं असतं, म्हणजे हे काम दिवसभर पुरतं.

पाजून झालं की बाळ तुमच्याकडे. खांद्यावर जुनं मऊ सुती फडकं, बाळाची हनुवटी खांद्यावर, एक हात बुडाखाली, दुसऱ्या हाताने कमरेकडून वर हलकेच थोपटा. पाच-दहा मिनिटांत ढेकर आला नाही तरी हरकत नाही. झोपवताना उताणंच, उशी आणि जाड गोधडी नको.

खोलीतल्या गोष्टींवर सासूबाईंशी प्रेमाने पण ठाम बोला. गुटी, पाणी सहा महिने नाही आणि मध तर वर्षभर नाही. मधातून लहान बाळाला बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. नाळेला तेल-हळद नको, कोरडी ठेवा. डोळ्यांत काजळ नाही, नाका-कानात तेल नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बाळ-बाळंतीण दोघांनाही घातक. मालिश आणि डिंकाचे लाडू खुशाल चालू द्या.

दिवसाच्या उजेडात बाळाच्या छातीवर बोटाने दाबून सोडा. खालची कातडी पिवळी दिसली तर कावीळ आहे का, हे डॉक्टरांना विचारा. पहिल्या चोवीस तासांतली कावीळ, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली, ही लगेच दाखवायची गोष्ट. कोवळ्या उन्हात धरणं हा त्यावरचा उपचार नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर, शांत असताना मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, दूध ओढत नाही, उठवूनही सुस्त, यातलं काहीही असेल तर सकाळ होण्याची वाट बघू नका. गाडी नसेल तर १०८.

सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं सगळ्यात वाढतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी थांबत नाही आणि तुमचा संयम सुटतोय? बाळाला उताणं सुरक्षित ठेवा आणि पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आणि तिच्याकडे बघा. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं पुष्कळांना होतं. दोन आठवड्यांनंतरही उदास, झोप लागत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार आले तर त्याच क्षणी दवाखाना. एका तासात पूर्ण पॅड भिजत असेल तरीही लगेच दवाखाना. बाकी रात्री बारा ते चारची पाळी तुमची. बाळ उठलं की लंगोट बदला, तिच्या कुशीत द्या, पाजून झालं की उचला, दिवा मंद करा आणि तिला झोपू द्या.