तेच झाड पुन्हा

माझ्या आजीच्या गोष्टीत भूत कधी दिसलंच नाही. ती चकव्याची गोष्ट सांगायची. बाजार आटोपून एक माणूस रात्री पायी घरी निघालाय. वाट रोजच्या पायाखालची. बांधावरची चिंच मागे पडते. बराच वेळ चालल्यावर पुढ्यात चिंच. तो झपाझप पावलं उचलतो. पुन्हा चिंच. तिसऱ्या खेपेला आजी झाडाचं नाव घ्यायची नाही, नुसती आमच्याकडे बघायची. आम्ही चौघं भावंडं एकाच गोधडीत शिरायचो.

हे आठवलं, कारण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या नव्या लेखकांच्या सात-आठ भयकथा वाचल्या. भाषा चांगली, मेहनतही दिसते. पण पहिल्याच पानावर अमावस्या, पडका वाडा, घुबड, रक्ताचं थारोळं. मला भीती वाटली नाही, आणि त्याचं मनापासून वाईट वाटलं. या चित्रांना वाचक कधीच घाबरून मोकळा झालाय. पडक्या वाड्यात मी जाणारच नाही. पण भर दुपारी माझ्याच स्वयंपाकघरात, मी पालथं घातलेलं पातेलं उताणं दिसलं तर?

एडगर अ‍ॅलन पोची 'द टेल-टेल हार्ट' १८४३ सालची. खुन्याला म्हाताऱ्याच्या काळजाची धडधड ऐकू येते. कशी? कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखी. किती घरगुती वस्तू! खुनाआधी पो ही उपमा वापरतो आणि शेवटी, प्रेत फळ्यांखाली पुरलेलं असताना, पोलिसांसमोर जवळजवळ त्याच शब्दांत परत आणतो. ते वाचताना मला थेट आजीची चिंच दिसली. चित्र तेच, फक्त आता ते तिथे असायला नको.

आणि डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची १९०२ मधली 'द मंकीज पॉ'. मुलगा यंत्रात सापडून गेलाय. तो कसा दिसत होता, याचं वर्णन नाही. बाप एवढंच सांगतो की कपड्यांवरून ओळखला. पुढे माकडाच्या जादुई पंजाकडे मागितलेल्या इच्छेने तो परत येतो, दारावर थाप पडते, आई वरच्या कडीपर्यंत हात पोचावा म्हणून खुर्ची ओढते. दार उघडतं तेव्हा समोर रस्त्यावरचा दिवा आणि रिकामा रस्ता. त्या खुर्चीच्या आवाजाने मला जे झालं, ते शंभर कवट्यांनी होणार नाही.

आपल्याकडेही हे आहेच. नारायण धारपांच्या समर्थकथांत मला अरिष्ट निवारणारा नायक, समर्थ, येण्याआधीची पानं जास्त भिववतात. अरिष्टाला नाव मिळालं की त्यावर उपायही असतो. रत्नाकर मतकरींच्या कथांना आपण गूढकथा म्हणतो, तो शब्द मला भयकथेपेक्षा जवळचा वाटतो. आणि ग्रेस यांचं 'भय इथले संपत नाही'? त्यात भीतीच्या शेजारी आठवण आहे, संध्याकाळ आहे, कुणी शिकवलेली गीतं आहेत. ओळखीच्या, प्रिय गोष्टी. म्हणून तर ते भय संपत नाही.

त्या माणसाचं पुढे काय झालं, हे आजीने कधीच सांगितलं नाही. आम्ही विचारलं की म्हणायची, "निजा आता." गावची ती चिंच रस्ता रुंद करताना तोडली, त्यालाही बरीच वर्षं झाली. रात्री गाडीने तिथून जाताना मी अजूनही खिडकीबाहेर बघत नाही.