पोराला परभाषी मित्रांपासून कसं वाचवाल?

नेरुळला फ्लॅट घेताना तुम्ही पाणी पाहिलंत, पार्किंग पाहिलंत, स्टेशन किती लांब ते चालून पाहिलंत. मजल्यावर पोरं कुणाकुणाची आहेत, हे मात्र पाहिलं नाहीत. आता भोगा. चिरंजीव परवा भात कालवता कालवता तुम्हालाच विचारत होते, ‘आज रसम नाही?’

घाबरू नका. वेळीच हालचाल केली तर हे प्रकरण आटोक्यात येतं.

सगळा दोष सिडकोचा. नवी मुंबई वसवणारं हे महामंडळ 1970 साली निघालं आणि पुढे त्याने सोडती काढून घरं वाटली. सोडतीला कुणाची मातृभाषा कळते? कोट्टायमची नर्स, साताऱ्याहून येऊन वाशीच्या मसाला मार्केटात पोती वाहणारा माथाडी आणि त्याच मार्केटात गाळा असलेला कच्छी व्यापारी, सगळे एकाच जिन्याला. शिवाय ज्या 95 गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या, तिथली आगरी-कोळी पोरं होतीच. ग्राउंडवर कॅप्टन कायम त्यांच्यातला. ग्राउंड त्याच्या आजोबांच्या भातशेतावर झालेलं असल्यामुळे पहिली बॅटिंग कुणाची, यावर फारसा वाद घालता येत नसे.

सीबीडी बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत तर फारच धोकादायक. तिथे 1980च्या दशकात आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सात-सात घरांच्या मध्ये एकेक अंगण ठेवलं, आठ मीटर बाय आठ मीटर. क्रिकेटची नुसती खेळपट्टीच वीस मीटरची असते हो! एवढ्याशा अंगणात चेंडू टोलवला की तो कुणाच्या तरी घरात जाणार. आणायला आत शिरावं लागणार. शिरलं की तिथली बाई ओरडणार, आणि ओरडून झालं की हातावर काहीतरी ठेवणार. लागण होते ती इथे.

आता बिल्डर शहाणे झालेत. पोडियम गार्डनमध्ये चेंडूला बंदी असते, आणि शेजारच्या टॉवरमधल्या मित्राकडे जायचं तर वॉचमन आधी ॲपवर परवानगी मागतो. निम्मं काम असंच होतं. तुमची सोसायटी जुनी असेल आणि दारं अजून उघडी राहत असतील, तर आधी सेफ्टी डोअर बसवून घ्या.

मग कॅलेंडर पाहा. एप्रिलच्या मध्यात विषू येतो. त्या सकाळी मल्याळी घरांत मोठी माणसं लहानांच्या हातावर पैसे ठेवतात, त्याला कैनीट्टम म्हणतात. ही बातमी तुमच्या पोराला कोण पुरवतं ते कळत नाही. एरवी आंघोळीसाठी तीन हाका लागणारा हा इसम त्या दिवशी सात वाजता भांग पाडून आंटीच्या दारात उभा असतो. ओणमचं पान, ईदचा शीरखुर्मा, सगळीकडे हजेरी. आणि गणपतीत समोरची पार्टी तुमच्या घरात. आरतीतली ती लांबलचक तान दम संपेपर्यंत ओढण्यात तमिळ पोरगा दरवर्षी पहिला येतो. मोदकाचा हिशोब तुमचा तुम्ही करा.

पहिलीपासून हिंदी आणणारा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 रोजी निघाला, 29 जूनला सरकारने माघार घेतली. मधले अडीच महिने आपण मोठी माणसं एकच चिंता वाहत होतो, की सहा वर्षांच्या जिवाला तिसरी भाषा झेपेल का. (सक्ती गेली ते बरंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.) सुट्टी चालू होती. खाली आवारात ते सहा वर्षांचे जीव तीन भाषांत चीटिंग करत होते आणि चौथीत शपथा घेत होते.

म्हणून सगळ्यात गुणकारी औषध सांगतो. फुकट आहे, घरातच मिळतं. जेवताना सहज म्हणायचं, ‘ते लोक असेच.’ पोरगं विचारेल, ‘कोण लोक?’ तुम्ही समोरच्या दाराकडे नुसती मान वळवा. ‘म्हणजे आंटी?’ असं ते म्हणेल. इथे भलेभले पालक गडबडतात. तुम्ही गडबडू नका. ‘आंटी चांगल्याच आहेत रे, पण ते लोक…’ असं म्हणून वाक्य अर्धवट सोडा आणि आमटी वाढा. उरलेलं वाक्य पोरगं मोठं होता होता स्वतः पूर्ण करतं. समोरच्या घरात हाच डोस त्यांच्या भाषेत चालू असतो, त्यामुळे आपणच वाईट दिसू ही भीतीही नको.

एवढं पथ्य पाळलंत तर सहा महिन्यांत पोरगं घरात बसेल. एकटंच बसेल, मोबाइल घेऊन. मग ग्रुपवर एक जाहिरात येईल: ‘विविध संस्कृतींची ओळख, वय सहा ते दहा, खाऊसह.’ ताबडतोब नाव घाला. तिथे टीचर केरळच्या नकाशात हिरवा रंग भरून घेतात आणि प्लास्टिकच्या केळीच्या पानावर कागदी इडली ठेवायला शिकवतात. प्रमाणपत्रही मिळतं. बाजूच्या टेबलावर समोरच्या फ्लॅटमधली मुलगी बसलेली दिसली तर लगेच बोलायला पाठवू नका. मैत्रीचं सत्र जेवणानंतर आहे, आणि त्याची फी वेगळी.