आग विझवायचा तलाव

घराच्या आवारात पोहण्याचा तलाव, तोही सरकारी खर्चाने. जाब विचारल्यावर उत्तर काय? तर तो पोहायला नाहीच, आग लागली तर पाणी हवं म्हणून बांधलाय! २०१५ साली दक्षिण आफ्रिकेचे पोलीसमंत्री न्हलेको यांनी घाम पुसत पुसत, वर व्हिडिओ दाखवून, हे देशाला समजावलं होतं. घर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांचं, गाव न्कांडला, खर्च २४ कोटी ६० लाख रँड (तिथलं चलन). सुरक्षेच्याच नावाखाली गुरांचा गोठा आणि कोंबड्यांचं खुराडंही उरकून घेतलं.

मला आधी हसू येतं, मग कसंतरीच होतं. कारण झुमांचा हा पक्ष वर्णद्वेषाशी लढलेल्या मंडेलांचा, सिसुलूंचा. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, स्थापना १९१२.

झुमा आणि त्यांच्या मर्जीतले उद्योगपती, ते सहारनपूरचे गुप्ता बंधू, यांनी पक्ष नासवला, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. सरकारी कंपन्यांवर कोण बसणार हे पक्षाची एक समिती ठरवत आली. १९९४ मध्ये त्याला कारण होतं, वर्णद्वेषी राजवटीतल्या नोकरशाहीवर विश्वास कसा टाकायचा? पण पुढे तीच सोय होऊन बसली. एस्कॉम या वीज कंपनीची वाट लागली आणि लोकांच्या नशिबी भारनियमन आलं. झुमांच्या काळात त्या समितीचे प्रमुख कोण होते? झुमांनंतर राष्ट्राध्यक्ष झालेले, स्वच्छ प्रतिमेचे म्हणून मिरवणारे सिरिल रामाफोसा!

आणि बाकीचे नेते? त्यांना सगळं दिसत होतं. मार्च २०१७ मध्ये अहमद कथराडा गेले. मंडेलांबरोबर जन्मठेप भोगलेला माणूस. झुमांनी राजीनामा द्यावा असं पत्र त्यांनी आदल्या वर्षीच लिहिलं होतं. अंत्यविधीत माजी राष्ट्राध्यक्ष मोटलांथे यांनी त्यातला मजकूर वाचून दाखवला. झुमा आलेच नव्हते. अर्थमंत्री प्रवीण गोर्धन यांच्यासाठी लोक उठून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या रात्री झुमांनी त्याच गोर्धनना मंत्रिमंडळातून काढलं. ऑगस्टमध्ये अविश्वास ठराव आला, मतदान गुप्त होतं, तरी ठराव १७७ विरुद्ध १९८ असा पडला. डिसेंबरात रामाफोसा पक्षाध्यक्ष झाले आणि दोनच महिन्यांत त्याच पक्षाला झुमा नकोसे झाले. याला सदसद्विवेकबुद्धी म्हणायची असेल तर खुशाल म्हणा, मला त्यात वाऱ्याची दिशाच दिसते.

झुमा म्हणायचे, येशू परत येईपर्यंत आम्हीच राज्य करणार. २००४ मध्ये पक्षाला जवळपास ७० टक्के मतं होती, २०२४ मध्ये ४०. येशू काही आला नाही, झुमाच नवा पक्ष घेऊन समोर उभे राहिले आणि त्याला नावही दिलं ते जुन्या पक्षाच्याच सशस्त्र दलाचं! एक मात्र मान्य करायला हवं, जुन्या पक्षाने निकाल मुकाट्याने स्वीकारला. शेजारच्या झिम्बाब्वेकडे पाहिलं की हे थोडं वाटत नाही.

हां, त्या तलावाचं राहिलंच. घटनात्मक न्यायालयाने पैसे भरायला लावले, हिशेब ठरला ७८ लाख रँड. झुमांनी ते व्हीबीएस नावाच्या लहानशा बँकेकडून कर्ज काढून भरले. दीड वर्षात ती बँक बुडाली, तिच्याच कारभाऱ्यांनी लुटली होती. लिंपोपोतल्या गरीब बायाबापड्यांनी आपल्या मयताच्या खर्चासाठी भिशीसारखे साठवलेले पैसे तिच्यात होते. पतसंस्थेच्या बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभं राहिलेल्यांना त्या रांगेचं वर्णन करून सांगायला नको.