आपल्या अभिप्रायास उत्तर: बेस गिटारची घरघर आणि आमच्याकडून राहून गेलेला एक प्रश्न

नमस्कार.

आमच्या फोंडा येथील दुकानाला एकच तारा (स्टार) देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि उत्तर लिहिण्याआधी त्या आठवड्याची कामाची वहीही काढून पाहिली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे, की पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) जाड तार घरघरत होती म्हणून आपण जुलैमध्ये बेस गिटार आमच्याकडे सेटअपला, म्हणजे सगळी जुळणी करून घ्यायला, दिली. आम्ही ती तीन दिवस अडकवून ठेवली आणि ‘अर्धा मिनिट चावी फिरवून’ १,५०० रुपये घेतले. नव्या तारा चढवल्यावर आठ दिवसांच्या आत घरघर परत आली. फोन केला तेव्हा ‘ॲम्प्लिफायरमधून ऐकू येत नसेल तर सोडून द्या’ असे उत्तर मिळाले. वर फ्रेट्सचे ४,००० रुपयांचे काम गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला. आणि अखेर दुसऱ्या एका कारागिराने ब्रिजवरचे (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथले) स्क्रू फिरवून पाच मिनिटांत आवाज घालवला.

चुकीपासूनच सुरुवात करतो. गिटार देताना आपण आमच्या काउंटरवरच्या मुलाला सांगितले होते, की लवकरच हलक्या तारा चढवणार आहे आणि गायिकेच्या सोयीसाठी सगळा वाद्यवृंद अर्धा सूर उतरवून वाजवतो. मी त्याला विचारले; त्याला ते आठवते, पण वहीत त्याने त्यातले काहीच लिहिले नाही आणि मीही काम हातात घेताना विचारले नाही. त्यामुळे गिटारवर होत्या त्याच ४५ ते १०५ मापाच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) जुन्या तारांवर आणि नेहमीच्या सुरावर मी नेक (गिटारची लांब मान) जुळवली, आणि आपण घरी नेऊन तिच्यावर ४० ते ९५ च्या तारा चढवल्या. एवढ्याने काय बिघडते, असे वाचणाऱ्यांपैकी कोणालाही वाटू शकेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नेहमीच्या बेसच्या चार तारा मिळून नेकला पाऊणशे किलोंच्या आसपास वजनाने पुढे ओढत असतात. या ओढीला तोल देण्यासाठी नेकच्या आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तिचा नट आवळला की नेक मागे जाऊन सरळ होते, सैल केला की तारांच्या ओढीने तिला किंचित बाक येतो. हा बाक हवाच असतो, कारण वाजणारी तार मधल्या भागात सर्वांत रुंद झोका घेते आणि तेवढी जागा तिला फ्रेट्सच्या वर मिळाली नाही तर ती त्यांवर घासते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, जिथे नेक गिटारच्या अंगाला मिळते तिथली फ्रेट दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची, अशी ही मोजणी असते. फेंडर कंपनी आपल्या बेसच्या बहुतेक आधुनिक नेकसाठी ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मिलिमीटर, एवढी फट सांगते. आपली गिटार आली तेव्हा तिथे ०.०५ मिलिमीटरची पट्टीही जेमतेम सरकत होती. म्हणजे नेक जवळजवळ सपाट होती, आणि घरघर फक्त पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर का होती याचा उलगडा तिथेच झाला. मोकळी तारच तेवढी घरघरली असती तर मी नेकच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या खाचा तपासल्या असत्या (तिलाही नटच म्हणतात, पण हा ट्रस रॉडचा नट नव्हे). सगळीकडे सारखीच घरघर असती तर तारांची उंची.

आता हलक्या तारांची ओढ मुळातच काही किलोंनी कमी, त्यात अर्धा सूर उतरवला की उरलेल्या ओढीतूनही सुमारे ११ टक्के जाते. समोरची ओढ घटली, पण ट्रस रॉड मात्र जुन्या ओढीच्या हिशेबाने आवळलेलाच राहिला. साहजिकच त्याने नेक पुन्हा सरळ केली आणि मी दिलेला बाक गेला. शिवाय सैल तार जास्त रुंद झोका घेते, ते वेगळेच. आपली गिटार मी त्यानंतर पाहिलेली नसल्यामुळे हा अंदाज आहे, पण तारा बदलल्यावर आठ दिवसांत त्याच चार-पाच फ्रेट्सवर घरघर परत येणे या अंदाजाशी तंतोतंत जुळते. पावसाळ्याचे कारण पुढे करणे मला सोपे होते. आमच्याकडे जुलैत भिंतींनाही ओल सुटते आणि लाकूड दमट हवेने हलते, हे खोटे नाही; पण ज्या कामात एक प्रश्न विचारायचा राहिला त्याचे खापर पावसावर फोडणे बरे दिसणार नाही. आता आमच्या वहीत तारांचे माप आणि सूर यांचा रकाना छापून घेतला आहे, आणि तो भरल्याशिवाय गिटार आत घेतली जात नाही.

‘अर्धा मिनिट चावी फिरवली’ हे मात्र मला मान्य नाही, किंवा असे म्हणू या, की ते खरे असूनही अपुरे आहे. ट्रस रॉडचा नट मी एकंदर पाव फेराच सैल केला, आणि तो फिरवायला तेवढाच वेळ लागतो. परंतु लाकूड लगेच स्थिरावत नाही. पहिल्या दिवशी आठव्या हिश्श्याएवढा फेरा दिला, सुरात लावून रात्रभर ठेवली, दुसऱ्या दिवशी मोजून पुन्हा तेवढाच दिला, आणि तिसऱ्या दिवशी फट ०.३० मिलिमीटर भरल्यावर सॅडलची (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते त्या तुकड्यांची) उंची व सुरांची जुळणी केली. घाईने एकदम अर्धा-पाऊण फेरा देणारे आहेत. घट्ट बसलेल्या नटवर जोर करून त्याच्या आतल्या कडा झिजवलेल्या गिटारीही माझ्याकडे येतात, आणि ते दुरुस्त करायला लागणाऱ्या पैशात कधी कधी नवी नेक येते. आपल्या तीन दिवसांतला बराचसा वेळ गिटार नुसती स्टँडवर उभी होती हे खरे आहे. तेही कामच होते.

फोनवरचे उत्तर चुकीचे होते आणि त्याबद्दल क्षमा मागतो. न जोडलेल्या बेसवर जोरात बोट मारले की थोडी खरखर बहुतेक गिटारींवर ऐकू येते आणि ॲम्प्लिफायरमधून ती येत नसेल तर पुष्कळ वादक ती चालवून घेतात, ही माहिती म्हणून ठीक आहे. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला वाटेला लावण्यासाठी ती वापरायची नसते. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आम्ही तंबोऱ्यांचीही कामे करतो. तिथे जवारी (तारेचा गुंजणारा झंकार) लावताना तार घोडीवर, म्हणजे तंबोऱ्याच्या ब्रिजवर, अशीच घासावी म्हणून तिच्याखाली सुताचा धागा सारून तासन्‌तास बसावे लागते, आणि ज्या आवाजासाठी गवई मिरजेपर्यंत जातात जवळपास तोच आवाज बेसवर आला की आपण लोक चिडून येता! कोणती घासणी हवी आणि कोणती नको, हे वाजवणाऱ्याने ठरवायचे असते, दुकानदाराने नव्हे.

फ्रेट्सच्या कामाबद्दल. आपले थोरले बंधू गिटार न्यायला आले तेव्हा ए तारेवर चौदाव्या फ्रेटवरचा सूर मी त्यांना वाजवून दाखवला होता. तिथे पुढची, पंधरावी, फ्रेट किंचित उचललेली आहे. तीन फ्रेट्सवर आडवी धरलेली सरळ पट्टी तिथे डुलते. एकाच जागी येणारा असा आवाज ट्रस रॉडने कधीही जात नाही, आणि जो कारागीर तसा प्रयत्न करील तो बाकीची नेक बिघडवील. ४,००० रुपये हा सगळ्या फ्रेट्स घासून एका पातळीत आणण्याचा दर होता. एक फ्रेट जागीच बसवण्याचा प्रयत्न आधी ३०० रुपयांत करता येतो, हेही तेव्हाच सांगायला हवे होते; दर सांगताना मोठ्या कामाचाच सांगितला गेला, म्हणून आपला ग्रह झाला असेल तर तो अगदीच निराधार म्हणता येत नाही.

ज्या कारागिराने सॅडल उचलून आवाज घालवला त्यांनी काही चुकीचे केले नाही. तारा वर गेल्या की घासणे थांबतेच. पण आपण स्वतःच लिहिले आहे, की आता दोन तासांच्या कार्यक्रमानंतर डावा हात भरून येतो. नेकमध्ये नसलेला बाक तारांच्या उंचीने भरून काढला की हेच होते. हाताला चालत असेल तर तसेच राहू द्यायलाही माझी हरकत नाही.

चालत नसेल तर गिटार घेऊन या. नेक नव्या तारांवर पुन्हा जुळवण्याचे काम मी विनामूल्य करीन, आणि ती पंधरावी फ्रेटही त्याच वेळी बसवून पाहीन. पुन्हा आमच्याकडे येण्याची इच्छाच उरली नसेल तर १,५०० रुपये परत न्यावेत. वहीत नोंद आहे, पावती शोधत बसण्याची गरज नाही. आणताना एवढेच करावे, की नव्या तारा काढू नयेत, गिटार आपल्या नेहमीच्या, अर्धा सूर उतरवलेल्या लावणीतच ठेवावी आणि सॅडलही त्या कारागिराने ठेवले आहेत तिथेच असू द्यावेत. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात हार्मोनियम आणि तबल्यांची रांग लागते, म्हणून त्याआधी आलात तर तीन दिवसांत देता येईल.