‘अपडेटने लिनक्स पुसले, आता सगळे फॉरमॅट करा’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली असलेला संगणक सुरू होईनासा झाला की एक ठरावीक सल्ला हमखास पुढे येतो. त्याचा आशय असा: विंडोजच्या अपडेटने लिनक्स पुसून टाकले आहे, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना केवळ विश्वासार्ह डिजिटल सही असलेला कोड चालू देणारी सुरक्षा) कायमचे बंद करा, विंडोजच्या दुरुस्ती ड्राइव्हवरून ‘बूटरेक फिक्सएमबीआर’ ही कमांड चालवा, आणि तरीही जमले नाही, तर डिस्क फॉरमॅट करून दोन्ही प्रणाली नव्याने टाका. यातील प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या संगणकाला कधीतरी लागू पडले असेल. मात्र बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला आहे हे न पाहता हा सल्ला ओळीने अमलात आणला, तर एका बिघाडाचे तीन बिघाड होतात.

प्रथम ‘पुसले’ या आरोपाकडे पाहू. बायॉस म्हणजे संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरील सॉफ्टवेअर, अर्थात फर्मवेअर. त्याच्या जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये सुरुवातीच्या कोडसाठी जेमतेम ४४६ बाइट जागा असते, आणि विंडोज इन्स्टॉल करताना ती जागा खरोखरच ताब्यात घेतली जाते. या तक्रारीचे मूळ त्या काळात आहे. यूईएफआय (बायॉसची जागा घेणारे नवे फर्मवेअर) असलेल्या संगणकावर रचना वेगळी आहे. तेथे ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाचा एक छोटा, बहुधा फॅट३२ स्वरूपाचा विभाग असतो, त्यात विंडोजचा बूट मॅनेजर आपल्या फोल्डरमध्ये आणि उबंटूसारख्या लिनक्स वितरणाच्या शिम (सिक्युअर बूटला मान्य असलेला पहिला छोटा प्रोग्राम) व ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) या फाइली त्यांच्या फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी नांदतात, आणि आधी कोणाला बोलवायचे याची यादी मदरबोर्डवरील कायमस्वरूपी स्मृतीत नोंदलेली असते. अपडेटनंतर, आणि बायॉस अपडेट केल्यावर किंवा त्याची सेटिंग्ज मूळपदावर आणल्यावर तर विशेषच, या यादीतील क्रम बदलतो किंवा एखादी नोंद गळते. लिनक्सचे मूळ पार्टिशन जिथल्या तिथे असते. याची खातरजमा करणे सोपे आहे: संगणक सुरू होताना फर्मवेअरचा बूट मेनू उघडावा आणि लिनक्सची नोंद निवडावी. ते सुरू झाले, तर फक्त क्रम बिघडला आहे, आणि तो फर्मवेअरच्या सेटिंगमधून किंवा लिनक्समधील ‘ईएफआयबूटएमजीआर’ या कमांडने पूर्ववत करता येतो. नोंदच गायब असेल, तर ती त्याच साधनाने पुन्हा घालता येते.

सिक्युअर बूटविषयीच्या सल्ल्याला बळ मिळाले ते ऑगस्ट २०२४ मधील घटनेमुळे, म्हणून तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटने एसबॅट नावाची निर्बंधयादी लागू केली. ग्रबमधील ज्ञात सुरक्षा त्रुटी असलेल्या जुन्या आवृत्त्या सुरूच होऊ नयेत, हा तिचा हेतू होता. दुहेरी बूट असलेल्या संगणकांना ती लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, परंतु असे सगळेच संगणक अपडेटला ओळखता आले नाहीत आणि अनेकांच्या पडद्यावर शिमची एसबॅट पडताळणी फसल्याचा संदेश आला. दोष मायक्रोसॉफ्टचा होता, यात वाद नाही. पण तेव्हाही लिनक्सची एकही फाइल पुसली गेली नव्हती. जुन्या शिमला प्रवेश नाकारला गेला होता. त्यावरचा उपाय सिक्युअर बूट तात्पुरते बंद करणे, लिनक्समध्ये जाऊन ‘मोकयूटिल’ या कमांडने ती यादी काढणे, शिम व ग्रब अद्ययावत करणे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करणे, असा होता. ‘कायमचे’ हा शब्द सल्ल्यात कोठून आला, कोण जाणे.

शिवाय हे बटण निरुपद्रवी नाही. विंडोजचे पार्टिशन बिटलॉकर या विंडोजच्या सुविधेने कूटबद्ध असेल, तर त्याची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये सिक्युअर बूटच्या स्थितीशी बांधलेली असू शकते. ती स्थिती बदलताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कूटबद्धीकरण वापरकर्त्याच्या नकळत चालू झालेले असते. म्हणून की हाताशी आहे की नाही ते आधी पाहावे आणि शक्य असल्यास विंडोजमधून बिटलॉकर तात्पुरता स्थगित करावा.

‘फिक्सएमबीआर’चा सल्ला मला सर्वांत खटकतो. ही कमांड पहिल्या सेक्टरमधील बूट कोड लिहिते. यूईएफआय पद्धतीत तो कोड चालवलाच जात नाही, त्यामुळे तेथे तिचा उपयोग शून्य. जुन्या पद्धतीत ग्रबचा पहिला तुकडा त्याच जागी असतो. म्हणजे ही कमांड जेथे परिणाम करते, तेथे ती लिनक्सचाच दरवाजा बंद करते! यूईएफआय संगणकावर विंडोजचा बूट मॅनेजर खरोखर बिघडला असेल, तर विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ या साधनात ईएफआय पार्टिशनला ड्राइव्हचे अक्षर देऊन, बूट फाइली पुन्हा बसवणारी ‘बीसीडीबूट’ ही कमांड चालवावी. ग्रब बिघडला असेल, तर लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) लिनक्सचे मूळ पार्टिशन व ईएफआय पार्टिशन जोडून, ‘सीएचरूट’ करून, म्हणजे डिस्कवरील लिनक्सच्या आत शिरून, ग्रब पुन्हा बसवावा. येथे एक अट आहे: ती यूएसबीही यूईएफआय पद्धतीनेच सुरू झालेली हवी, अन्यथा दुरुस्ती भलत्याच पद्धतीची होते.

काही तक्रारींचा तर अपडेटशी संबंधच नसतो. ग्रबच्या मेनूत विंडोज दिसत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून मेनू नव्याने तयार केला की काम होते. लिनक्स सुरू होताना आपत्कालीन मोडमध्ये अडकत असेल आणि विंडोजचे पार्टिशन आपोआप जोडण्याची नोंद ‘एफस्टॅब’ या लिनक्सच्या सेटिंग फाइलमध्ये असेल, तर संशय विंडोजच्या फास्ट स्टार्टअपवर घ्यावा. त्यात ‘शट डाउन’ केले तरी विंडोज अर्धवट निद्रिस्त राहते आणि त्याचे एनटीएफएस स्वरूपाचे पार्टिशन पूर्णपणे मोकळे होत नाही. ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये गेल्यास सगळे सुरळीत आणि ‘शट डाउन’नंतर अडचण, असा फरक दिसला तर निदान जवळजवळ निश्चित होते.

राहिला फॉरमॅटचा मुद्दा. त्याआधी लाइव्ह यूएसबीवरून डिस्कवरील पार्टिशनांची यादी पाहायला दोन मिनिटे पुरतात. यादीत सगळी पार्टिशने असतील, तर फॉरमॅट करण्याचे कारण उरत नाही. डिस्कच दिसत नसेल, तरी ती मेली असा निष्कर्ष घाईचा ठरेल, कारण फर्मवेअरची सेटिंग्ज मूळपदावर गेल्यावर स्टोरेजचा मोड (डिस्कशी संपर्क साधण्याची पद्धत) एएचसीआयऐवजी रेड (आरएआयडी) किंवा इंटेल आरएसटी होऊ शकतो. मग लिनक्सला डिस्क दिसत नाही आणि विंडोज निळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचे सांगते. मोड पहिल्यासारखा केला की दोन्ही प्रणाली परत येतात. आणि डिस्क दिसत असूनही वाचताना त्रुटी येत असतील, तर ती फॉरमॅट करणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. तेथे पहिले काम दुसऱ्या डिस्कवर माहितीची प्रत काढण्याचे.