पीक कोणतं?

"पीक कोणतं?" दुकानदाराने विचारलं.

मार्केट यार्डाच्या बाजूला शेतीच्या सामानाचं दुकान. दारात ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, आत औषधांचा उग्र वास आणि काउंटरला कोपर टेकून उभे असलेले सहा-सात जण. सगळे पुरुष. मी फक्त एवढंच विचारलं होतं, "75 टक्क्यांचं शेडनेट आहे का?" शेडनेट म्हणजे पिकावर सावलीसाठी ताणतात ती जाळी आणि टक्के म्हणजे ती किती ऊन अडवते ते. चांगलं टक्केवारीसकट विचारलं होतं. अभ्यास करून गेले होते.

"पीक नाहीये. घराला हवंय."

"घराला म्हणजे? परसबाग? रोपवाटिका?"

"नाही, हॉलला."

"हॉलमध्ये काय लावलंय?"

"सोफा."

मागचा एक पोरगा फिस्सकन हसला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

ही पाळी का आली ते थोडक्यात सांगते. तीन वर्षांपूर्वी सांगलीत विश्रामबागेच्या पुढे घर बांधलं तेव्हा आर्किटेक्टने लॅपटॉपवर एक चित्र दाखवलं. पांढऱ्या भिंती, छताला काचेचा चौकोन, त्यातून हळुवार उतरलेला उजेड आणि त्या उजेडात झोपलेलं मांजर. खिडकीबाहेर बर्फ होता. बर्फाकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही. नवरा म्हणाला, "दिवसा लाइट लावायला नको!" आणि हॉलच्या डोक्यावर चार बाय सहा फुटांची टफन्ड काच बसली. मांजर आम्ही पाळलेलं नाही. त्या जागी सासूबाईंचा दिवाण आहे.

आता हिशोब बघा. भर दुपारी आडव्या छतावर चौरस मीटरला साधारण 1000 वॅट ऊन पडतं. आमची काच सव्वादोन चौरस मीटरची. तिने थोडं अडवलं तरी पावणेदोन हजार वॅट खाली उतरतात. म्हणजे 20 वॅटची ट्यूब वाचवायला आम्ही हॉलच्या छताला गिझर टांगला आणि त्याचं बटण सूर्याच्या हातात दिलं. दीड टनाचा एसी घेतला, तर त्यातला अर्धा टन या भोकातून आलेली उष्णता उपसण्यातच जातो. नवऱ्याला मी हे कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "पण उजेड छान येतो."

येतो की! मेच्या पहिल्या आठवड्यात सांगलीच्या बरोबर माथ्यावर सूर्य येतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास माणसाची सावली पायाखाली गडप होते. शाळेतली मुलं मैदानात डबे आणि बाटल्या मांडून शून्य सावली बघतात. आम्हाला मैदानात जावं लागत नाही. खिडकीला छज्जा असतो, त्यामुळे डोक्यावरचं ऊन तिथून फारसं आत येत नाही. छतातल्या खिडकीला छज्जा कुठून आणायचा? तिच्यावर एकदम आकाशच. आणि थंडीत, जेव्हा अंगावर जरा ऊन हवंसं वाटतं, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणजे काचेवर तिरपा, पाहुण्यासारखा येतो आणि लवकर जातो.

एप्रिलपासून सासूबाईंचा दिनक्रम ठरलेला. अकराला उन्हाचा चौकोन दिवाणाच्या कडेला लागतो, तशा त्या उशी उचलून उत्तरेला सरकतात. बाराला परत उठतात. एकला थेट स्वयंपाकघरात येऊन फ्रिजला पाठ लावून बसतात. तक्रार करत नाहीत. फक्त उशी उचलताना एकदा वर बघतात आणि एकदा माझ्याकडे. जसं काही तो सूर्य मी माहेराहून आणलाय.

लहानपणीच्या घरात हे असलं काही नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही. आमच्या आजोळी माजघराच्या कौलांत एक काचेचं कौल होतं. एकच. वहीएवढं. त्यातून पडलेल्या उन्हात धुळीचे कण नाचायचे आणि आम्ही पोरं ते मुठीत पकडायचो. तेवढ्या उजेडात आजी तांदूळ निवडायची, आजोबा पोथी वाचायचे आणि घर गारच असायचं. वहीएवढ्या उजेडावर ज्यांचं भागलं त्यांच्या नातीला दाराएवढा उजेड हवा झाला, त्याला कोण काय करणार?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही काचेला आतून पडदा लावला. तपकिरी, जाड, मखमली, शिवणावळ धरून साडेचार हजार. ऊन दिसेनासं झालं आणि घर जास्तच तापायला लागलं. शिडीवर चढून पडद्याला हात लावला, तर तो भाकरीच्या तव्यासारखा. कारण साधं आहे. उजेड काचेतून सरळ आत येतो, पण पडद्यावर आपटून त्याची एकदा उष्णता झाली, की ती आल्या वाटेने काचेतून बाहेर पडत नाही. काच तिला अडवते. वर गरम हवा मुळातच छताशी जमते आणि आमची काच पक्की बसवलेली, उघडत नाही. कुपवाड एमआयडीसीतल्या शेडवर सुद्धा गरम हवा जायला गरागरा फिरणारे भोपळे असतात. आमच्याकडे ती हवा पडदा आणि काच यांच्यामध्ये बसून राहते आणि रात्री नऊनंतर सावकाश खाली उतरते.

म्हणून यंदा ठरवलं, की ऊन बाहेरच अडवायचं. म्हणून शेडनेट. आणि म्हणून ते दुकान.

"कुणाचं वाळवन घालायचंय म्हनलासा?"

हे काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसलेले गृहस्थ. पांढरी टोपी, पांढरा लेंगा, खिशाला दोन पेनं, हातात अर्धा कप चहा. सावळजकडचे, द्राक्षबागायतदार, बेदाण्याचे रॅक स्वतःचे. हे सगळं त्यांनी पहिल्या मिनिटात सांगितलं. मी काहीच विचारलं नव्हतं.

"वाळवण नाही हो काका. छताला काच आहे. तिच्यावर टाकायचंय."

"छताला? आन् खाली काय हाय?"

"आम्ही."

त्यांनी कप खाली ठेवला. "मानसं?"

"हो."

"किती?"

"तिघं."

"किती दीस झालं?"

"तीन वर्षं."

"तीन वर्सं!" त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली. मग दुकानाकडे बघून म्हणाले, "आमी पंधरा दिसात माल काढतो."

दुकान हसलं. औषधाच्या डब्यांमागचा हिशोबनीस सुद्धा हसला.

"बेदाना सुदिक आमी उनात टाकत न्हाई, अक्का," ते पुढे म्हणाले आणि आता त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. "उनात वाळला की काळा पडतो. म्हून रॅकवर एकावर एक थर, वरनं जाळी, भवतीनं जाळी, आन् मधनं वारं. सावली आन् वारं. बाकी कायबी न्हाई. मग त्यो कसा पिवळाधम्मक, हिरवागार ऱ्हातो. उनानं रंग जातो बघा." असं म्हणून त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. कोपरापर्यंत. मी पदर पुढे ओढून घेतला आणि ओढला म्हणून स्वतःचाच राग आला.

"आधी डिपिंग करता काय?" तो मघाचा पोरगा.

"गप रं," काका म्हणाले, पण त्यांना विषय आवडला होता. "पान्यात पोटॅशियम कार्बोनेट आन् डिपिंग ऑइल. घड त्यात बुचकळून काढायचा. सालीवरचं मेन सुटतं, मग आतलं पानी भाईर याला वाट गावती."

"आमच्याकडे कुणाला बुचकळत नाहीत," मी म्हटलं.

"नसू दे. पर जाळी काचंवर आंथरू नगासा. वीतभर तरी वर धरा. मधनं वारं खेळलं पायजे. चिकटवली की जाळी तापनार, तिच्याखाली काच तापनार, मग जाळी लावली काय आन् न्हाई लावली काय."

"सध्या आतून पडदा लावलाय," मी पडद्याची किंमत गाळून सांगितलं.

"आतनं?" त्यांनी डोळे मिटले. "म्हंजे पाव्हना ताटावर बसल्याव दार लावायचं?"

मला इतकं चपखल कुणी सांगितलं नव्हतं. आर्किटेक्टने तर नाहीच. त्याने मागे फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, त्याला थोडं एन्जॉय करा ना."

तिथे एक नर्सरीवालाही होता. त्याने काचेवर वरून चुना मारायचा सल्ला दिला. उन्हाळ्यात काचघरांना तसा मारतात, पांढऱ्यावरून ऊन परततं आणि जून-जुलैच्या पावसात तो आपोआप धुऊन जातो, म्हणजे ढगाळ दिवसांत उजेड परत मिळतो. सल्ला खरोखर चांगला होता, खर्चही शंभराच्या आतला. पण मी म्हटलं, "चुना आधीच लागलाय. आर्किटेक्टकडून." दुकान पुन्हा हसलं. या वेळी माझ्या बाजूने. तेवढ्यावर घरी जायला हवं होतं.

"रोल 3 मीटर रुंद, 50 मीटर लांब. कापून मिळत नाही," दुकानदार म्हणाला.

"मला तीन मीटर लांबीचा तुकडाच पाहिजे."

"मॅडम, तुम्ही असं करा. मिस्टरांना पाठवा. त्यांना नीट समजावून सांगतो."

मी उष्णतेचा हिशोब वॅटमध्ये करून आले होते. काचेचं माप माझ्या पर्समध्ये, जाळीचे टक्के माझ्या तोंडात, आणि समजावून सांगणार कुणाला, तर ज्याला "उजेड छान येतो" याच्यापुढे काही सुचत नाही त्याला. हे 'मिस्टर' प्रकरण मला कधी समजलेलं नाही. गॅसवाला, मीटरवाला, पाण्याची टाकी धुणारा, सगळ्यांना मिस्टर हवे असतात. मिस्टर भेटले की ते मिस्टरांना सांगतात आणि मिस्टर घरी येऊन मला विचारतात, "तो काय म्हणत होता गं?" असं मी तिथे बोलले नाही. बोलायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, "मिस्टर बँकेत असतात," जणू काही मी स्वतः आले याचं कारण त्याला द्यायलाच हवं होतं.

शेवटी काकाच पुढे झाले. "दे रं कापून तीन मीटर. ऱ्हायल्यालं माझ्या नावावर टाक. मला न्हाईतरी जाळी लागतीयाच."

दुकानदाराने कात्री काढली. बिलावर 'पीक' असा एक रकाना होता. पेन त्याच्यावर थांबलं, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि 'इतर' लिहिलं. नावाच्या रकान्यात त्याने सौ. घालून नवऱ्याचं आडनाव टाकलं. माझं नाव मी दोनदा सांगितलं होतं. काकांनी माझा फोन नंबर घेतला. "माल कसा ऱ्हातोय ते कळवा," म्हणाले.

रिक्षात मांडीवर हिरवी जाळी घेऊन येताना मनात एकच येत होतं. या गावाला सावलीची अक्कल नाही असं कुणी म्हणेल? इथे शेजारीच हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. गारव्यात, अंधारात, वर्षानुवर्षं. 2005 च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं, तेव्हा लोक घरचं कुणी गेल्यासारखे हळहळले होते. हळदीला पेव, द्राक्षाला जाळी, कांद्याला चाळ. फक्त माणूस तेवढा काचेखाली. कारण हळद आणि द्राक्षं यांचा भाव ठरलेला असतो.

जाळी मीच बांधली. नवऱ्याने शिडी धरली. माळ्यावर चार बाय सहाची जुनी लोखंडी कॉट पडून होती, ती गच्चीवर नेऊन काचेवर उभी केली. पाय फूटभर उंच, म्हणजे काकांची वीत भरून उरली. वरून जाळी ताणली, चारी कडांनी थोडी खाली सोडली आणि सुतळीने बांधली. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकूंनी विचारलं, "पाहुणे येणार आहेत का गं, वर झोपायला?" मी हो म्हटलं. सगळ्यांना सगळं सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

पण फरक पडला. 75 टक्के ऊन गच्चीवरच अडलं आणि वाऱ्याबरोबर गेलं. खाली पाव हिस्सा येतो, गिझरच्या जागी मिक्सर म्हणा. फरशीवर अनवाणी चालता येतं. उजेड थोडा हिरवा आहे, त्यामुळे आम्ही तिघंही जरा आजारी दिसतो. पडदा काढून नवऱ्याच्या कपाटात ठेवलाय, वरच्याच खणात, उघडलं की दिसेल असा.

आज दुपारी चारला फोन वाजला.

"अक्का, सावळजवरनं बोलतोय. हिकडं आभाळ लई दाटून आलंय. वळीव तुमच्याकडं येनारच. जाळी गुंडाळा, न्हाईतर वाऱ्यानं फाटंल. आन् माल बघा, भिजू देऊ नगासा."

मी हॉलमध्ये डोकावले. दिवाणाच्या बरोबर मध्ये, काचेच्या बरोबर खाली, सासूबाई हिरव्या उजेडात तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच दुपारच्या, त्या जागी.

"माल झोपलाय," मी हळूच सांगितलं.

"ब्येस झालं," काका म्हणाले. "मग आसं करा. मिस्टर आलं की त्यास्नी वर चढायला सांगा. तुमाला न्हाई जमायचं ते."